पाणी ओतणारा माणूस

शास्त्राचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम ग्रंथ उभे राहतात आणि त्यांच्यामागे ग्रंथकर्ते. सिद्धांत कोणी मांडला आणि तो कोणत्या साली छापून निघाला, एवढे सांगितले की इतिहास सांगून झाला असे आपण समजतो. परंतु निसर्गात एक बल असे आहे की, त्याची ओळख ग्रंथकर्त्यांच्या फार आधी ओझी ओढणाऱ्यांना झाली होती. आणि ती ओळख विद्वानांच्या दरबारात पोचावयास शतकांमागून शतके जावी लागली. ते बल म्हणजे घर्षण. त्याची कथा आज श्रोत्यांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

कथेचा आरंभ ईजिप्तमध्ये होतो. नाईल नदीच्या काठी देर अल्-बर्शा येथे जेहुतिहोतेप नावाच्या एका प्रांताधिपतीची कबर आहे. ती इसवी सनापूर्वी सुमारे १९०० वर्षांची, म्हणजे आजपासून जवळजवळ ३९०० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर एक चित्र रंगविलेले होते. बिनचाकी लाकडी घसरगाडीवर त्या अधिपतीचा बसलेला प्रचंड पुतळा दोरखंडांनी आवळून बांधला आहे. शेजारच्या लेखात पुतळ्याची उंची १३ हात सांगितली आहे. आपल्या मापाने ती सुमारे ७ मीटर भरते. वजन अदमासे ५८ टन असावे. पुढे १७२ माणसे ओळींनी दोर ओढीत आहेत. पुतळ्याच्या गुडघ्यांवर उभा राहून एक जण टाळ्यांचा ठेका देत आहे. आणि गाडीच्या अगदी पुढच्या टोकाशी आणखी एक माणूस उभा आहे. त्याच्या हातात घडा आहे, आणि गाडी जेथून जावयाची त्या जमिनीवर तो पाणी ओतीत आहे.

हा माणूस काय करीत होता? कोणी म्हणाले, हा शुद्धीचा विधी. कोणी म्हणाले, हे वंगण. पुष्कळ विद्वानांचा कल विधीकडेच राहिला. कोरड्या वाळूवर घडाभर पाणी ओतून काय साधणार, असे त्यांना वाटले असावे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी आपण एक साधा प्रश्न विचारून घेऊ. ती १७२ माणसे झुंजत होती कशाशी? 'पुतळ्याच्या वजनाशी' असे उत्तर चटकन येते. पण ते पुरतेपणी खरे नव्हे. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, आणि ती सरळ खाली असते. जमीन त्या ओढीला तितक्याच बलाने वर रेटून धरते. ही दोन बले एकमेकांस तोलून धरतात आणि पुतळा जागच्या जागी राहतो. सपाट जमिनीवर आडवे ओढणाऱ्याच्या वाट्याला ते वजन थेट येतच नाही. त्याच्या वाट्याला येते ती गाडीच्या तळाची आणि जमिनीची परस्परांना धरून ठेवण्याची वृत्ती, म्हणजेच घर्षण. घरातील लोखंडी कपाटाचा अनुभव आठवा. ते उचलावयाचे तर चार जण लागतात. पण खाली तरट सारले की एकटा माणूसही ते खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो. कपाटाचे वजन काही घटलेले नसते. घटते ती जमिनीची पकड. कॅरमच्या पटावर बोरिक पावडर टाकणारा मुलगाही हेच करतो.

आता पाणी. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. वाळूच्या थरावरून त्यांनी लहानशी घसरगाडी ओढली आणि ओढण्यास लागणारे बल मोजले. वाळू कोरडी असली की गाडीपुढे तिचा ढीग साचतो आणि ओढणाऱ्याला तो ढीगही रेटीत न्यावा लागतो. थोडे पाणी घातले की कणाकणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल बनतात, वाळू घट्ट होते आणि गाडी तीवरून सरकू लागते. पाणी नेमके पडले की लागणारे बल जवळजवळ निम्म्यावर येते. मात्र ते जास्त झाले की ओढणे पुन्हा जड जाते. आपल्याकडे समुद्रकिनारी फिरणाऱ्याला यात नवल वाटू नये. कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततात. पण भरतीने भिजवून सोडलेल्या पट्ट्यावरून सायकलसुद्धा चालते.

चित्रकाराच्या मनात विधी नव्हताच, असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. विधी आणि उपयोग एकाच घड्यातून ओतता येतात. सिद्ध होते ते एवढेच की, त्या पाण्याने निम्म्या माणसांचे श्रम वाचू शकत होते. आणि पाणी किती ओतावे, कधी थांबावे, हे त्या माणसाने कोणत्याही सूत्रावाचून जाणले असले पाहिजे.

यानंतर ग्रंथकर्त्यांकडे वळू. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने गतीचा विचार केला, आणि त्याच्या ध्यानात एक मार्मिक गोष्ट आली. पुष्कळ माणसे मिळून एक जहाज काही अंतर ओढतात. म्हणून त्यांतला एकटा माणूस ते थोडे तरी ओढील, असे म्हणता येत नाही. तो ते तसूभरही हलवू शकणार नाही. पुढे इसवी सनाच्या चौथ्या शतकात थेमिस्टिअस या भाष्यकाराने लिहून ठेवले की, थांबलेली वस्तू हलविण्यापेक्षा हलती वस्तू पुढे नेणे सोपे असते. अडलेल्या गाडीला खांदा लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. परंतु या दोन्ही ठिकाणी घर्षण हे वेगळे बल म्हणून कोणी बाजूला काढले नाही. उलट ॲरिस्टॉटलच्या परंपरेने असा निष्कर्ष काढला की, ढकलणारा थांबला की वस्तू थांबावी हा गतीचा स्वभावच आहे. वस्तूला कोणीतरी थांबवीत असते, हे लक्षातच आले नाही. घर्षण सर्वत्र होते, आणि सर्वत्र होते म्हणूनच ते दिसले नाही.

ते वेगळे काढून मोजण्याचा मान लिओनार्दो दा व्हिंचीकडे जातो. त्याने लाकडी ठोकळे मेजावर ठेवले, त्यांना दोरी बांधली, दोरी कप्पीवरून खाली सोडून तिला वजने टांगली, आणि कितव्या वजनाला ठोकळा हलतो ते पाहिले. त्याला दोन गोष्टी कळल्या. ओझे दुप्पट केले की घर्षण दुप्पट होते. आणि ठोकळा आडवा ठेवा की उभा, घर्षणात फरक पडत नाही. पण हे सारे त्याच्या वह्यांतच राहिले. त्या वह्यांपैकी एक लहानशी वही लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्या एका पानावर एका वृद्ध स्त्रीचे पुसट रेखाटन असून त्याखाली तांबड्या खडूने ओढलेल्या काही आकृत्या आहेत. १९२० नंतरच्या दशकात संग्रहालयाच्या संचालकाने स्त्रीच्या चित्राची दखल घेतली आणि खालच्या आकृत्या असंबद्ध म्हणून सोडून दिल्या. २०१६ साली केंब्रिजचे प्राध्यापक इयान हचिंग्ज यांनी दाखवून दिले की, १४९३ सालच्या त्या 'असंबद्ध' आकृत्यांतच घर्षणाचे नियम पहिल्यांदा मांडलेले आहेत. ईजिप्तमधल्या घड्याचे आणि या तांबड्या खडूचे नशीब सारखेच. पाहणाऱ्याला जे अपेक्षित होते तेवढेच दिसले.

सतराव्या शतकात गॅलिलिओने उलट वाट धरली. घर्षण मोजण्याऐवजी त्याने ते दूर सारण्याचा यत्न केला. लाकडी फळीला गुळगुळीत खाच पाडून तिला चर्मपत्राचे अस्तर लावले, आणि त्या उतरणीवरून घोटीव काशाची गोळी सोडली. जे घर्षण हाताने घालविता आले नाही ते त्याने बुद्धीने घालविले; कोणताच अडथळा नसेल तर सपाटीवरची गोळी थांबेल कशाला, असा प्रश्न त्याने केला. १६३८ साली त्याचा ग्रंथ हॉलंडमधील लायडेन येथे प्रसिद्ध झाला. १६८७ साली न्यूटनने हाच विचार आपल्या गतीच्या पहिल्या नियमात बांधला. दोन हजार वर्षे ज्याला गतीचा स्वभाव म्हटले गेले, ती घर्षणाची करणी होती हे अशा रीतीने उघड झाले.

मग घर्षणालाही स्वतंत्र मान मिळाला. १६९९ साली गिलोम आमाँताँ याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे लिओनार्दोचेच दोन नियम मांडले. लिओनार्दोच्या वह्या तेव्हा प्रसिद्ध नव्हत्या. आमाँताँने ते नव्याने शोधले होते. स्पर्शाचे क्षेत्र वाढले तरी घर्षण वाढत नाही, हे ऐकून सभासद इतके साशंक झाले की द ला इर याने स्वतंत्र प्रयोग करून पाहिले. नियम खरे ठरले.

परंतु या विषयाला खरा आधार दिला तो एका लष्करी स्थापत्य अभियंत्याने. शार्ल ऑग्युस्तँ कूलोम हे नाव विद्युत्‌शास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तारुण्यात त्याने वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर किल्ला बांधण्यात सुमारे आठ वर्षे काढली. मातीच्या भराव्यामागे भिंत उभी करावयाची तर माती तिला किती रेटील, हा तेथला रोजचा प्रश्न होता. आणि १७७३ साली त्याने अकादमीपुढे जो निबंध वाचला त्यात याच प्रश्नाचे उत्तर आहे. मातीच्या कणांतील घर्षणच भरावा सावरून धरते. खळ्यावर धान्याची रास पाहा. वरून कितीही धान्य ओता, रास एका ठराविक उतारापेक्षा उभट होत नाही. जास्तीचे दाणे घरंगळून खाली येतात. त्या उतारावर दाण्याचे वजन त्याला खाली खेचीत असते आणि घर्षण त्याला धरून असते. दोन्ही बरोबरीस आलेली असतात. रासेचा उतार म्हणजे घर्षणाचे उघड्यावर मांडलेले माप होय. भिंतीला टेकविलेली शिडी, लाकडात ठोकलेला खिळा, दोरीची गाठ, आपले चालणे, ही सर्व घर्षणाच्याच जिवावर उभी आहेत.

पुढे कूलोम रॉशफोरच्या जहाजबांधणीच्या गोदीत गेला. तेथे लाकूड लाकडावर, लाकूड धातूवर, कोरडे आणि चरबी लावलेले, असे सर्व प्रकारे घासून त्याने मापे घेतली. लाकडावर लाकूड जितका वेळ स्वस्थ पडून राहील तितकी त्याची पकड काही काळपर्यंत वाढत जाते, हेही त्याने मोजले. बांधून झालेले जहाज पाण्यात लोटणाऱ्यांना याची किती गरज होती, हे सांगावयास नको. या कामाबद्दल १७८१ साली अकादमीने त्याला पारितोषिक दिले.

क्षेत्र वाढूनही घर्षण का वाढत नाही, या कोड्याचा उलगडा मात्र विसाव्या शतकाने केला. बावडन आणि टेबर यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले की, गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही सूक्ष्मपणे पाहता उंचसखल असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना खरोखर टेकतात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. ठोकळा आडवा असो वा उभा, ही टोके ओझ्याच्या मानानेच दबतात. ओझे वाढले की खरा स्पर्श वाढतो आणि घर्षणही वाढते. १९६६ साली ब्रिटनमध्ये या शास्त्राला स्वतंत्र नाव मिळाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे, जगात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा केवळ घर्षणावर मात करण्यात जातो. त्यात थोडी जरी बचत झाली तरी तेलाच्या किती विहिरी वाचतील, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

ओढणारा हात आणि मोजणारा हात हे जोवर परस्परांना अनोळखी होते तोवर हे शास्त्र रखडले. आणि ज्या दिवशी एक अभियंता गोदीत जाऊन चरबी लावलेल्या फळ्या मोजू लागला त्या दिवशी ते चालू लागले. आमच्या मते या इतिहासाचा बोध हाच. कोकणच्या किनाऱ्यावर होडी वर ओढताना खाली ओंडके घालणारा कोळी, बैलगाडीच्या आसाला वंगण लावणारा गाडीवान, यांच्या कृतीत काही ज्ञान साठलेले असते. त्याला रूढी म्हणून बाजूला सारण्यापूर्वी ते मोजून पाहावे. कारण ओढणारे १७२ जण असोत की एक, पाणी कोठे आणि किती ओतावे हे जाणणारा त्यांच्यात कोणीतरी असतोच.