सिंबलचं वय सांगणारा ठसा

मुंबईत परळ वर्कशॉपमधून गणपतींचं आगमन सुरू झालं की लालबागपासून हिंदमातापर्यंतच्या रस्त्यावर बँजो पार्ट्या घुमू लागतात. त्यांच्या गाडीवर बँजो-ताशाच्या जोडीला सिंबल आलंच. हल्ली ती बहुतेक नवी असतात. पण या भागातल्या चाळींच्या पोटमाळ्यांवर जुन्या ऑर्केस्ट्रांची वाद्यंही असतात आणि त्यातलं एखादं काळवंडलेलं सिंबल वाजवणाऱ्यापेक्षा वयाने मोठं निघतं. ते किती मोठं, हे ओळखण्याची एक विद्या आहे. तिची गोष्ट इस्तंबूलपासून सुरू होते.

सिंबलचा धातू आपल्या ओळखीचाच आहे. सुमारे 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील, म्हणजे कांसं. वारकऱ्यांचा काशाचा टाळ याच कुळातला. हे मिश्रण गोड वाजतं, पण ठिसूळ असतं. ते न तडकता पातळ घडवण्याचं कसब अवेडिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने साधलं. सुलतानाने त्याला झिल्जियन हे नाव दिलं आणि 1623 साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. कृती घरातच राहिली. 1929मध्ये त्याच नावाच्या वंशजाने अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीला भट्टी पेटवली. इस्तंबूलची शाखा पुढेही काही दशकं चालली. म्हणून जुन्या सिंबलवर आधी पाहायचं ते ठशातलं नाव: ‘के. झिल्जियन’ आणि इस्तंबूल, की अमेरिकन शाखेचं ‘अवेडिस झिल्जियन’.

साल मात्र या ठशात नसतं. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या पोर्तुगीज घंटेवर 1721 हा आकडा आहे. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवरही नावाबरोबर तारीख घालून घेतात. झिल्जियनच्या अमेरिकन कारखान्याने फक्त नाव घातलं, पण नावाचा साचा दर काही वर्षांनी बदलला. संग्राहकांनी शेकडो सिंबलं शेजारी शेजारी ठेवून या बदलांचा क्रम लावला. ठशात वर उस्मानी लिपीतली अक्षरं असतात. त्यातले तीन ठिपके स्पष्ट दिसले तर सिंबल साधारण साठच्या दशकातलं. पन्नासच्या दशकातल्या ठशात ते दिसत नाहीत. सत्तरच्या दशकात ठसा ठेंगणा झाला. त्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जोडीला शाईने छापलेलं मोठं नाव आलं, आधी पोकळ अक्षरांत, मग ऐंशीच्या दशकात भरीव. 1994पासून लेझरने कोरलेला क्रमांक येऊ लागला आणि त्याच्या पहिल्या अक्षरांत साल दडलेलं असतं. स्विस कंपनी पाइस्टेच्या सिंबलचं काम त्या मानाने सोपं: सत्तरच्या दशकापासूनच्या क्रमांकातला पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा अंक. दशक कोणतं, ते सिंबलच्या मालिकेवरून ठरवायचं.

मुंबईत ही विद्या जास्तच गरजेची आहे. इथे सिनेमाच्या वाद्यवृंदांत ड्रम्स लवकर रुजले. सी. रामचंद्रांनी 1951च्या ‘अलबेला’साठी चिक चॉकलेटचा जॅझ बँड बोलावला, कावस लॉर्ड आणि केर्सी लॉर्ड या पितापुत्रांनी तालवाद्यांत किती तरी नवे आवाज आणले. पण पुढे कित्येक वर्षं आयातीवर परवान्यांची बंधनं होती आणि परदेशी सिंबल दुकानात जाऊन सहज घेता येत नसे. ते एका वादकाकडून दुसऱ्याकडे जाई, एका ऑर्केस्ट्रातून दुसऱ्यात फिरे. त्यामुळे ‘बाबांनी 1985ला घेतलं’ एवढ्यावर वय ठरत नाही. घेतलं तेव्हाच ते वीस वर्षांचं असू शकतं. घरच्या आठवणीपेक्षा मी ठशावर जास्त विश्वास ठेवतो.

अर्थात एकट्या ठशावरही नाही. एक साचा किती वर्षं वापरात होता, याच्या कडा पुसट आहेत. म्हणून हातोडीचे घाव पाहावेत: हाताने ठोकलेले विस्कळीत, यंत्राचे एकसारखे. मधलं भोक झिजून लांबट झालं असेल तर वापर भरपूर झाला आहे, पण वापर म्हणजे वय नव्हे. काळपट-हिरवट थरावर तर मुळीच जाऊ नये. हिंदमाताच्या पावसाळ्यात तळमजल्याच्या खोलीत ठेवलेलं नवं सिंबलही कळकतं.

खरा धोका गणपती-दिवाळीच्या साफसफाईचा आहे. देवघरातल्या भांड्यांबरोबर सिंबलही चिंचेने नाही तर पितांबरीने घासलं जातं. शाईचं नाव त्यात निघून जातं, आणि पॉलिशच्या चाकावर धरलं तर दाबून उमटवलेला ठसाही झिजतो. मग ते सिंबल 1955चं की 1975चं, हे खात्रीने सांगणं फार कठीण होतं. तेव्हा तुमच्या माळ्यावर असं सिंबल असेल तर ते घासू नका. कोरड्या फडक्याने पुसा, बॅटरीचा उजेड तिरपा पाडून ठशाचा फोटो काढा, व्यास इंचांत आणि वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. विकायचं असेल तर त्यानंतरच विका.