तळटीप : सिसिलियन बचाव

१२. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले (ई४), की काळा त्याला समोरून न भिडता वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे घेतो (सी५). पुढे या बाजूच्या प्याद्याच्या बदल्यात बहुधा पांढऱ्याचे मधले प्यादे हाती येते आणि काळ्या हत्तीला सी-पट्टी अर्धी मोकळी होते. १५९४च्या सुमाराच्या पोलेरिओच्या हस्तलिखितात ही खेळी आढळते. देशी बुद्धिबळात मात्र प्यादे पहिल्या खेळीतही सहसा एकच घर चाले. तिथे पहिल्याच खेळीत सी५ सहसा शक्य नसे. म्हणून, घराच्या ओट्यावर देशी पद्धतीने शिकलेल्या मुरबाडच्या खेळाडूने शहापूरच्या स्पर्धेत हा बचाव निवडावा, हे आम्हाला त्या डावातल्या शेवटच्या मातीपेक्षाही मोलाचे वाटते. – संपा.