डिश आणि फायबर : कळवण परिसरातील घरजोडणी

घरी दूरचित्रवाणी आणि इंटरनेट घेण्याचे कळवण (जि. नाशिक) परिसरातील दोन प्रमुख मार्ग म्हणजे छतावरची डिश, जिला गावोगाव ‘छत्री’ म्हणतात, आणि खांबावरून दारात आलेली फायबरची तार. कळवण हे गिरणा खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि त्याच्या दक्षिणेला सप्तशृंग, मार्कंड्या, धोडप यांची सातमाळा रांग पसरली आहे. येथील वस्ती एका साच्यातली नाही. कळवण शहर, अभोणा, कनाशी येथे दाट बाजारपेठ आहे. बागायती पट्ट्यात अनेक कुटुंबे गावठाण सोडून मळ्यात राहतात आणि पश्चिमेकडे डोंगरउतारावर आदिवासी पाडे विखुरलेले आहेत. त्यामुळे डिश की फायबर याचे उत्तर कंपनीच्या जाहिरातीपेक्षा घर कुठे उभे आहे यावर जास्त अवलंबून असते.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. टीव्हीची डिश इंटरनेट देत नाही. ती फक्त वरून आलेले संकेत ग्रहण करते, घरातून काहीही परत पाठवत नाही. फायबरमधून मात्र दोन्ही दिशांनी वाहतूक होते, म्हणून एकाच तारेवर टीव्ही, इंटरनेट आणि घरचा फोन चालू शकतो. म्हणजे हे प्रश्न दोन आहेत, टीव्हीचा वेगळा आणि इंटरनेटचा वेगळा. त्यांची उत्तरेही वेगळी निघू शकतात.

पूर्वपीठिका : मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. जमिनीवरच्या प्रक्षेपकाचे चित्र डोंगराआड नीट पोहोचत नसे, त्यामुळे खोऱ्यातल्या गावांना उंच काठीवरच्या ॲन्टेनावर भिस्त ठेवावी लागे. 1990 नंतर केबल आली, पण केबलवाल्याला एका गल्लीत पुरेशी घरे लागतात आणि मळ्यात ती नसतात. ही अडचण डीटीएचने, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या डिशवर येणाऱ्या सेवेने, सोडवली. डिश टीव्हीची सेवा 2003 मध्ये सुरू झाली. डिसेंबर 2004 मध्ये प्रसार भारतीची डीडी डायरेक्ट प्लस आली, तीच आजची डीडी फ्री डिश. टाटा स्काय 2006 मध्ये आले आणि 2022 मध्ये त्याचे नाव टाटा प्ले झाले. फ्री डिशला डिश आणि सेटटॉप बॉक्सचा एकदाच खर्च येतो, मासिक रिचार्ज लागत नाही. हंगामावर पैसा हाती येणाऱ्या घरात या एका गोष्टीचे मोल फार मोठे आहे. करोनाकाळात शाळा बंद असताना जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखवली गेली. ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती, तिथे शाळा घरात आणू शकणारी वस्तू ही छत्रीच होती. स्वस्त आणि जुनी म्हणून तिला मोडीत काढणे अन्यायाचे आहे.

डिशचे गणित : टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किमी उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आकाशात एका जागी स्थिर भासतात. फ्री डिशचा जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. कळवणहून तो जवळजवळ नेमक्या आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंश उंच येतो. टाटा प्लेचे उपग्रह 83 अंशांवर असल्याने त्यांची डिश दक्षिणेकडे अधिक वळलेली आणि सुमारे 64 अंश उंच रोखलेली असते. इतक्या उंचावर रोख असल्याने सातमाळ्याचे डोंगर सहसा आड येत नाहीत. डोंगराच्या कुशीत डिश चालणार नाही, ही समजूत म्हणूनच बहुतेक ठिकाणी चुकीची आहे. आड येतात ती अंगणातली झाडे. हिवाळ्यात डिश बसवताना मोकळी दिसलेली दिशा पावसाळ्यात आंब्या-निंबाच्या वाढलेल्या फांद्यांनी झाकली जाते आणि दोष सेटटॉप बॉक्सवर ढकलला जातो. दुसरी चूक बसवण्यातली. कांदाचाळीच्या किंवा घराच्या पत्र्यावर ठोकलेली डिश वाऱ्याने हलते, आणि दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी चित्र तुटते. पक्क्या भिंतीला किंवा स्लॅबला आवळलेली डिश वर्षानुवर्षे टिकते.

डीटीएच ज्या केयू पट्ट्यात चालते, त्याच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. त्यामुळे जोरदार सरीत पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते आणि सर ओसरली की चित्र आपोआप परतते. पावसाचा जोर असलेल्या तालुक्याच्या पश्चिम भागात हे जास्त जाणवते. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो, तेव्हा काही दिवस दुपारच्या आधी थोडी मिनिटे चित्र जाते. हा बिघाड नव्हे. त्यासाठी कुणाला बोलावून पैसे मोजू नयेत.

फायबरची तार : फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, केसाहूनही कितीतरी बारीक असतो. सेवादात्याच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरमधून 32 किंवा 64 घरांत वाटला जातो आणि प्रचलित जीपॉन पद्धतीत केंद्रापासून सुमारे 20 किमीपर्यंत पोहोचतो. पावसाचा या प्रकाशावर परिणाम होत नाही. काच वीज वाहत नसल्याने ढगांच्या गडगडाटातही तंतूतून धक्का येत नाही, मात्र राऊटरच्या अडॅप्टरमधून तो येऊ शकतो. एरवी फायबरची दुखणी जमिनीवरचीच आहेत. रस्तारुंदीकरणात जेसीबीच्या दातात तार येते, खाली लोंबलेली तार उंच भरलेल्या ट्रॉलीत अडकते, घरात कोपऱ्यावर ती करकचून वाकवली जाते. अशा वेळी राऊटरजवळच्या, तार जिथे येऊन मिळते त्या डब्यावर लाल दिवा लागतो. त्याचा अर्थ प्रकाश घरापर्यंत येत नाही, मग डबा कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग होत नाही. तंतू जोडायला स्प्लायसिंगचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो. इथेच दोन्ही मार्गांतला खरा फरक आहे. हललेली डिश गावातला कुणीही जाणता माणूस अर्ध्या तासात जागेवर आणतो, तुटलेले फायबर मात्र माणूस येईपर्यंत तसेच राहते. जोडणी घेताना किती एमबीपीएस मिळणार हे सगळे विचारतात. तार तुटल्यावर कोण, कुठून आणि किती दिवसांत येणार, हे त्याआधी विचारायला हवे. आपल्या वाटेवर आधीच जोडणी असलेल्या दोन शेजाऱ्यांना विचारले तर सर्वांत भरवशाचे उत्तर मिळते.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेला केंद्राने 25 ऑक्टोबर 2011 रोजी मंजुरी दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले आणि महाराष्ट्रातला दुसरा टप्पा राज्याने ‘महानेट’ म्हणून हाती घेतला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात फायबर आले म्हणजे मळ्यातल्या घरात ते आले, असे मात्र नाही. शेवटचा एक-दोन किलोमीटरचा तुकडाच सर्वांत महाग पडतो, कारण एका घरासाठी खांबही रोवावे लागतात आणि तारही ओढावी लागते.

लोडशेडिंगमध्ये दोन्ही मार्ग सारखेच हतबल होतात. तरी राऊटर आणि त्याचा डबा मिळून थोडीच वीज खातात, त्यामुळे छोट्या बॅटरीवर इंटरनेट काही तास तग धरते, टीव्ही धरत नाही. त्या इंटरनेटमुळे मोबाइलवर बाजार समितीतले कांद्याचे भाव आणि मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ चालू राहतात.

निवड : शहरात, अभोण्यात किंवा तारेच्या वाटेवरच्या गावठाणात इंटरनेटसाठी फायबरच घ्यावे, त्याला तोड नाही. तिथे टीव्हीही त्याच तारेवर चालतो. पण घरात वृद्ध माणसे असतील तर फ्री डिश काढून टाकू नये, कारण बिल थकले किंवा तार तुटली तरी सह्याद्रीवरच्या बातम्या लागतात. मळ्यात टीव्हीसाठी डिश आणि इंटरनेटसाठी मोबाइल डेटा ही जोडगोळी व्यवहार्य आहे. 2023 पासून आलेल्या एअरफायबरसारख्या बिनतारी सेवा हा तिसरा मार्ग आहे. मात्र त्यांची मदार जवळच्या 5जी टॉवरवर असते, तेव्हा वर्षाचे पैसे एकरकमी भरण्याआधी एक महिना अनुभव घ्यावा. दुर्गम पाड्यावर आज डिश हाच सर्वांत खात्रीचा टीव्ही आहे.

उपग्रहावरून इंटरनेट : हे तंत्र डीटीएचहून वेगळे आहे. स्थिर उपग्रहावरून विचारलेल्या गोष्टीचे उत्तर यायला अंतरामुळेच सुमारे अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. फायबरमधून मुंबईपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला काही मिलिसेकंद पुरतात. सुमारे 550 किमी उंचीवर फिरणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांमुळे ही दिरंगाई बरीच घटते. स्टारलिंकने 2021 मध्ये भारतात आगाऊ नोंदणी घेतली होती, पण परवाना नसल्याने सरकारने ती थांबवायला लावली आणि पैसे परत करावे लागले. कंपनीला दूरसंचार परवाना जून 2025 मध्ये मिळाला. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांचा उल्लेख आहे, नाशिकचा नाही. परदेशातून आणलेले उपग्रह-इंटरनेटचे यंत्र परवान्याशिवाय भारतात वापरणे बेकायदेशीर आहे.