विवेकाची वाट : मुंबई-पुण्यातून बीडपर्यंत

१/ युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत प्रबोधनाने एक साधा आग्रह धरला : राजा असो वा धर्मगुरू, प्रत्येकाने आपल्या अधिकाराचे कारण द्यावे. हा विचार महाराष्ट्रात रुजला, तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. बीडपर्यंत मात्र तो निराळ्या वाटेने पोहोचला. त्या वाटेचा हा मागोवा.

२/ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. १८४९ मध्ये जातिभेद न मानणारी परमहंस सभा स्थापन झाली, परंतु तिचे कामकाज गुप्त होते. विचार पटला होता. तो उघडपणे आचरण्याचे धैर्य अजून यायचे होते.

३/ ते धैर्य जोतीराव फुल्यांनी दाखवले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ कशाला, हा त्याचा मूळ प्रश्न. पुरोहिताविना विवाह हे त्या प्रश्नाचे कृतीतले उत्तर होते.

४/ १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, हा वाद पुण्यात जाहीरपणे रंगला. परंतु वाद घालण्यासाठीही छापखाना, शाळा आणि सभा लागतात.

५/ बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे सार्वजनिक सभेला पूर्वपरवानगी लागे; ‘गश्ती निशाण ५३’ हे त्याविषयीचे कुप्रसिद्ध परिपत्रक. खाजगी शाळांवरही निर्बंध होते. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला मातृभाषेतून वरच्या शिक्षणाची वाट जवळपास बंदच होती.

६/ म्हणूनच येथे शाळा चालवणे हेच राजकारण ठरले. १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस आले आणि योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे त्यांचे सहकारी. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, ‘विवेकसिंधु’कारांच्या त्याच गावात विवेकाला आता नागरिकत्वाचा अर्थ मिळू लागला.

७/ स्वामी संन्यासी होते, तसेच कामगार चळवळीतून आलेले कार्यकर्तेही. त्यांना रूढ अर्थाने बुद्धिवादी म्हणता येणार नाही. परंतु सत्तेने प्रजेला उत्तर दिले पाहिजे, ही त्यांची मागणी प्रबोधनाचीच होती. १९३८ मध्ये ते शाळा सोडून लढ्यात उतरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेपूर्वीच बंदी आली.

८/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९४९ मध्ये जहागिरदारी रद्द झाली, १९५० मध्ये कूळकायदा आला आणि १९५२ मध्ये प्रौढ मतदानाने निवडणूक झाली. जन्माने मिळणाऱ्या सत्तेची जागा मताने मिळणाऱ्या सत्तेने घेतली.

९/ पण जन्माने मिळणारी प्रतिष्ठा तशीच राहिली. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू करून दलित तरुणांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. १९७८ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात होताच मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. निजामाविरुद्ध एकवटलेला समाज समतेच्या प्रश्नावर दुभंगला होता.

१०/ पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीड दशकाहून अधिक काळ पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला.

११/ या साऱ्यातून एक सूत्र हाती लागते. राजसत्तेला कारण विचारणे बीडला कठीण गेले, पण त्यासाठी माणसे एकत्र आली. स्वतःच्या जातीला, घराला आणि रूढीला कारण विचारताना माणूस बहुधा एकटा पडतो. सभाबंदीचे परिपत्रक इतिहासजमा झाले. हा एकटेपणा मात्र कोणत्याही अध्यादेशाने रद्द होत नाही. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारी दुसरे कुणी उभे राहिल्यानेच कमी होतो.