कोणत्या सालचं चर्च? विल्यम्सबर्गची हकिकत

आजचा विषय जरा लांबचा वाटेल. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ब्रूटन पॅरिश या एपिस्कोपल चर्चची आणि त्याच्या इमारतीची हकिकत मला सांगायची आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास नव्हे. त्यामुळे सनावळीच्या आड एक प्रश्न दडलेला आहे, तो आधीच सांगून टाकतो. जुनी वास्तू 'पूर्ववत' करायची म्हणजे कोणत्या सालासारखी करायची? आणि ते साल ठरवायचं कोणी?

काळाचा अंदाज यावा म्हणून एक घरची खूण देतो. मुंबईच्या फोर्टातलं सेंट थॉमस चर्च, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडलं, ते १७१८ साली उघडलं. ब्रूटनची आजची इमारत १७१५ची. दोन्ही चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे एकाच घरातली भावंडं म्हणा ना.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. ब्रूटन पॅरिश १६७४ साली अस्तित्वात आली आणि १६८३मध्ये तिचं पहिलं विटांचं चर्च उभं राहिलं. पुढे १६९९ साली वसाहतीची राजधानीच या गावात आली आणि ते चर्च अपुरं पडू लागलं. गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवुड यांनी स्वतः नवा आराखडा दिला, क्रुसाच्या आकाराचा. चर्चचा घंटामनोरा नंतरचा, १७६९चा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे सरकारी चर्च होतं. पाद्र्याचा वार्षिक पगार कायद्याने ठरलेला होता, सोळा हजार पौंड तंबाखू! तिथे तंबाखू हेच चलन. आणि हा कर कुणी भरायचा? सगळ्यांनी. तुमची श्रद्धा या चर्चवर असो वा नसो. पॅरिशचा कारभार बघायला गावातल्या प्रतिष्ठितांचं पंचमंडळ असे. ते कर बसवी आणि गोरगरिबांचं पालनही त्याच्याकडेच होतं.

याच पॅरिशच्या नोंदवहीत हजाराहून अधिक गुलामांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. आपल्याला वाटेल, एकदा ख्रिस्ती झाला म्हणजे माणूस मोकळा झाला असेल. पण व्हर्जिनियाने १६६७मध्येच कायदा करून ठेवला होता की बाप्तिस्म्यामुळे गुलामगिरी संपत नाही. आत्म्याला मुक्ती, शरीराला नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आत्मा आणि देह यांच्या द्वैतावर मी कितीतरी तास घेतले. पण त्या द्वैताचा इतका रोकडा उपयोग दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पुढे स्वातंत्र्ययुद्ध झालं. १७८०मध्ये राजधानी रिचमंडला हलली. १७८६मध्ये जेफरसन यांनी लिहिलेला आणि मॅडिसन यांनी विधिमंडळात तडीस नेलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला. कुणालाही चर्चसाठी पैसे देण्याची सक्ती करता येणार नाही, असं ठरलं. इंग्लंडचा राजा ज्याचा प्रमुख, ते नावही आता चालणार नव्हतं. १७८९मध्ये अमेरिकेतल्या या मंडळींनी आपली वेगळी घटना केली आणि एपिस्कोपल, म्हणजे बिशपांच्या अधिकारात चालणारं, हे नाव रूढ झालं. इमारत तीच, प्रार्थनाही बव्हंशी त्याच. पण राजाश्रय गेला. आता चर्च चालायचं ते ज्यांना हवं होतं त्यांच्या वर्गणीवर.

लहान गावातल्या लहान मंडळीला मोठी वास्तू झेपेना. १८४०च्या सुमारास त्यांनी आत चक्क आडवी भिंत घातली, जुने बाक काढले, उपदेशपीठाची जागा बदलली. यादवी युद्धात, १८६२ साली, इथे जखमींचं इस्पितळही झालं. पुढे १९०३मध्ये विल्यम गुडविन हे रेक्टर म्हणून आले. त्यांनी ती भिंत पाडली, अठराव्या शतकातलं रूप परत आणायचं ठरवलं आणि १९०७मध्ये काम पुरं केलं. ब्रिटिशांच्या जेम्सटाउन वसाहतीला तेव्हा तीनशे वर्षं होत होती. सातव्या एडवर्डनी बायबल दिलं, तर थिओडोर रूझवेल्टनी ते ठेवायचं व्यासपीठ. ज्या राजाशी युद्ध केलं, त्याच्याच वंशजाची भेट! आणि गंमत म्हणजे, नवं संशोधन झाल्यावर तीसेक वर्षांनी या जीर्णोद्धाराचाही पुन्हा जीर्णोद्धार करावा लागला.

गुडविन एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांना सबंध गाव जुनं करायचं होतं. १९२६मध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी पैसा द्यायचं कबूल केलं. घरं गुपचूप विकत घेतली गेली. वसाहतकाळानंतरच्या शेकडो इमारती पाडल्या गेल्या, कारण त्या निवडलेल्या काळात बसत नव्हत्या.

आता त्याच गावातलं दुसरं चर्च. फर्स्ट बाप्टिस्ट. गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी १७७६मध्ये सुरू केलेली ही मंडळी. सुरुवातीला गावाबाहेर झाडाझुडपांच्या आडोशाला, चोरून प्रार्थना व्हायच्या. खानावळीत काम करणारे गोवन पँफ्लेट हे त्यांचे पाद्री, तेही गुलामच. १७९३मध्ये ते मुक्त झाले. पुढे नासाऊ रस्त्यावर त्यांना एक जागा मिळाली आणि १८५६मध्ये तिथे विटांचं चर्च झालं. पण १८५६ हे साल वसाहतकाळातलं नव्हे! गाव 'पूर्ववत' करणाऱ्या संस्थेने १९५०च्या दशकात ती वास्तू विकत घेऊन पाडली. पुढे तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या.

त्या चर्चच्या वंशजांनी पाठपुरावा सोडला नाही. २०२०मध्ये त्याच संस्थेने तिथे उत्खनन सुरू केलं. जमिनीखाली पहिल्या छोट्या प्रार्थनागृहाचा पाया निघाला, सोळा फूट बाय वीस फूट. आणि साठाहून जास्त कबरी. म्हणजे वसाहतकाळाला लागूनचा इतिहास त्या जागी होताच. फक्त तो शोधावा असं आधी कुणाला वाटलं नव्हतं.

मंडळी, मी गुडविन यांना खलनायक ठरवत नाही. त्यांनी हात घातला नसता तर कितीतरी जुनं केव्हाच नष्ट झालं असतं. पण साल निवडणं म्हणजे माणसं निवडणं. १७७५चं गाव हवं म्हटलं की गव्हर्नरच्या बाकासाठी जागा आपोआप होते. झाडाखाली चोरून प्रार्थना करणाऱ्यांनी मात्र इमारतच मागे ठेवलेली नसते, मग जतन काय करणार?

ब्रूटनमध्ये आजही उपासना चालते. फर्स्ट बाप्टिस्टची मंडळीही त्याच गावात, नव्या इमारतीत, एकत्र येते. एकीची वास्तू टिकली, दुसरीची पाडली. मंडळी दोन्ही टिकल्या. तेव्हा आपल्याकडे एखाद्या देवळाचा, मशिदीचा, चर्चचा जीर्णोद्धार निघाला की वर्गणी जरूर द्या. पण देताना विचारा, साल कोणतं धरलंय? आणि त्या साली आत यायची मुभा कुणाकुणाला होती?