नावलौकिकाची वाट : मिरज ते गनियारी

भिलाईतल्या मराठी घरांत गाण्याचा विषय निघाला की बोलणे पुण्या-मुंबईकडे वळते, हा आमचा आजवरचा अनुभव आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिली झोतभट्टी पेटली. त्यानंतर विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून जी माणसे पोटापाण्यासाठी इकडे आली, त्यांनी ट्रंकेत भांडीकुंडी आणली तशीच बालगंधर्वांची पदे आणि माणिक वर्मांची भावगीतेही आणली. मरोद्याच्या क्वार्टरांतून रविवारी सकाळी ती ऐकू येत. गाणे म्हणजे 'तिकडचे', आणि भिलाई म्हणजे नोकरी, अशी आम्ही मनाशी वाटणी करून टाकली होती. ती चुकीची होती, हे कळावयास आम्हांस फार वर्षे लागली. गायकाचे नाव होते कसे, आणि त्याच्याभोवती श्रोतृवर्ग जमतो कसा, याचा शोध घेऊ गेलो असता एक वाट मिरजेस पोहोचली आणि दुसरी आमच्या दारापासून सुमारे १४ किलोमीटरवर असलेल्या गनियारी गावी.

जुन्या काळी गवयाचे नाव दरबाराच्या नावावर चाले. अमुक संस्थानचे गवई, एवढे म्हटले की ओळख पुरी होई. दरबारांचा आधार खचू लागला, तेव्हा गवयाला लोकांत उतरावे लागले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते सामान्य गृहस्थाच्या मुलाबाळांनी गाणे शिकावे म्हणून. त्यातून गवई किती निघाले हा वेगळा प्रश्न. पण जाणते श्रोते पुष्कळ निघाले, आणि पुढच्या पिढीच्या मैफली त्यांच्याच जिवावर चालल्या.

पुरुष गवयाचे हे झाले. गाणाऱ्या बाईला लोकांत उतरणे सोपे नव्हते. तिचे गाणे खाजगी बैठकीत, धनिकांच्या मर्जीवर चालावयाचे, आणि भल्या घरच्या बायकांनी तेथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या ताराबाई माने. पुढे आईवडील विभक्त झाले तेव्हा मुलांची नावेही बदलली. चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. म्हणजे जे नाव पुढे महाराष्ट्राने आदराने घेतले, ते घर मोडल्यानंतर घेतलेले नाव होते.

या बाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचा पायंडा पाडला. त्या काळी हे धाडसच होते. पण आमच्या मते त्यांचे खरे कर्तृत्व तिकिटाहून निराळे आहे. हावभाव नाही, श्रोत्यांचा अनुनय नाही. अंगभर पदर घेऊन त्या शांतपणे बसत आणि सूर लावीत. त्या बसण्यानेच सांगितले की येथे फक्त गाणे होणार आहे. मग गृहस्थ आपल्या बायकामुलींना घेऊन येऊ लागले, आणि सभागृहाची जी निम्मी बाजू आजवर रिकामी होती ती भरली. हिराबाईंनी असलेला श्रोतृवर्ग मिळविला नाही, नवा घडविला. त्याला ध्वनिमुद्रिकांनी आणि नभोवाणीने हातभार लावला. भावंडांसह काढलेली नाटक मंडळी मात्र टिकली नाही. १९७० साली पद्मभूषण मिळाले. १९८९ साली त्या निवर्तल्या.

आता गनियारी. तीजनबाईंचा जन्म १९५६ चा, पारधी कुटुंबातला. आजोबा ब्रजलाल हे सबलसिंह चौहानांच्या महाभारतातील कथा म्हणत, आणि नात कोपऱ्यात बसून पाठ करी. पुढे उमेदसिंह देशमुखांकडे थोडे शिक्षण झाले. (देशमुख हे नाव वाचून आमच्या मंडळींनी लगेच नाते जोडू नये; छत्तीसगढात ते आडनाव येथलेच आहे.) पंडवानीचे दोन प्रकार. वेदमती म्हणजे बसून सांगावयाची, कापालिक म्हणजे उभे राहून, वावरून, अभिनयासह सांगावयाची. बायकांनी गायची तर बसून, असा दंडक होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. वयाच्या तेराव्या वर्षी दुर्ग जिल्ह्यातील चंद्रखुरी गावी त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला, बिदागी १० रुपये.

एकीने बसून जे साधले ते दुसरीने उभे राहून साधले, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. जिच्या काळात ज्याची अपेक्षा होती ते तिने नाकारले, आणि जे स्वीकारले ते आयुष्यभर सोडले नाही. तीजनबाईंचा तंबुराच पाहा. मोरपिसांनी सजलेला तो तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर कधी द्रौपदीचे केस. दुसऱ्या हातात करताल. शेजारी 'रागी' हुंकार देतो, प्रश्न विचारतो, कथा पुढे ढकलतो. आपल्या शाहिरामागे झील धरणारे असतात, तसाच हा. अंधुक छायाचित्रातही तंबुरा खांद्यावर घेतलेली ती आकृती कोणाची, हे सांगावे लागत नाही. व्यापारी ज्याला छाप म्हणतात ती हीच. फक्त ती कोणा जाहिरातवाल्याने काढून दिलेली नव्हती.

तिची किंमतही त्यांनी मोजली. गाते म्हणून जातीने बाहेर काढले. वेगळी झोपडी बांधून, शेजाऱ्यांकडून भांडी उसनी आणून त्यांनी संसार मांडला, पण गाणे थांबविले नाही. हबीब तन्वीर यांनी त्यांना पारखले आणि गावोगावच्या पारांवरचे नाव दिल्लीस पोहोचले. १९८० नंतर इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, तुर्कस्तान, मॉरिशस असा प्रवास झाला. भिलाई इस्पात कारखान्याने त्यांना नोकरीत घेतले. २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण त्यांना मिळाले. छत्तीसगढी न कळणाऱ्या परदेशी श्रोत्यांसाठी त्यांनी भाषा बदलली नाही, वेशही बदलला नाही. कथा तीच, लुगडे तेच, पान तेच.

आम्ही त्यांना प्रथम पाहिले ते १९८८ साली, दूरदर्शनवर. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज' मालिकेत महाभारताचा भाग होता. मरोद्याच्या आमच्या क्वार्टरात शेजारची दोन कुटुंबे जमली होती. पडद्यावर ती बाई गरजली, तंबुरा उगारला, आणि वर्ध्याकडच्या देवळांत कीर्तने ऐकत वाढलेल्या आमच्या मातोश्री पुढे सरकून बसल्या. शब्द निम्मे कळत नव्हते. दुःशासन मात्र सगळ्यांना दिसत होता.

"ही कीर्तनकारीण कुठली हो?" त्यांनी वडिलांना विचारले.

वडील कारखान्यातून नुकतेच आले होते. ते म्हणाले, "गनियारीची. सायकलीने गेलं तर तासाभराची वाट."

त्या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी आम्ही पुण्याहून गायक आणला होता आणि त्याच्या जाण्यायेण्याच्या खर्चासाठी घरोघर वर्गणी फिरविली होती. मातोश्रींनी त्या वर्गणीची वही मागितली, शेवटचे कोरे पान उघडले, आणि गनियारीला कोण जातो ते लिहा, म्हणून वडिलांच्या हाती दिली.