परग्रहवासीयांनी ‘प्ले’ दाबलं तर? व्हॉयेजरच्या सोनेरी रेकॉर्डची गोष्ट

पुण्यात ‘आयुका’ उभी करणाऱ्या डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘प्रेषित’ कादंबरीत परग्रहावरून आलेलं मूल माणसांत वाढतं. साहजिकच माणूस म्हणजे काय, हे त्याला जवळून दिसतं. पण आपल्याला कधीच न भेटलेल्या कुणाला माणूस कसा समजावायचा? नासाने १९७७ मध्ये हा प्रयोग खरंच केला. व्हॉयेजर १ आणि २ या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली १२ इंची तांब्याची तबकडी बसवली. तिच्यात काय भरायचं, हे कार्ल सेगन यांच्या समितीने ठरवलं.

तबकडीत काय आहे?

• ५५ भाषांतल्या शुभेच्छा, त्यात मराठीही
• शंभरावर चित्रं
• पाऊस, हसणं, हृदयाचे ठोके
• सुमारे ९० मिनिटांचं संगीत. त्यात गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’

ती वाजवायची कशी?

सोबत सुई दिली आहे आणि कव्हरवर आकृत्या कोरल्या आहेत. ‘सेकंद’ त्यांना कळणार नाही, म्हणून तबकडीचा वेग हायड्रोजन अणूच्या ठरावीक कालावधीच्या मापात सांगितला आहे. चित्रंसुद्धा आवाजाच्या सिग्नलमध्ये साठवली आहेत. एका चित्राच्या ५१२ उभ्या रेघा. पहिलं चित्र साधं वर्तुळ आहे. ते लंबगोल दिसलं, तर समजायचं, डिकोडिंग चुकलं!

डिकोड झालं, पण कळलं का?

खरी अडचण इथे आहे. फाइल उघडणं वेगळं आणि अर्थ लागणं वेगळं. भैरवीची प्रत्येक फ्रिक्वेन्सी त्यांना मोजता येईल. पण आपल्याकडे मैफल भैरवीने संपते, हे त्या सिग्नलमध्ये कुठेच नाही. ते मैफलीत बसलेल्यांनाच माहीत असतं. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबर १९७७ रोजी उड्डाण केलं आणि ११ दिवसांनी केसरबाई गेल्या. तबकडीला हेही ठाऊक नाही.

माहिती पाठवता येते. सहवास पाठवता येत नाही. ‘प्रेषित’मधल्या मुलाला तो मिळाला, तबकडी ऐकणाऱ्याला मिळणार नाही.

आता यान कुठे आहे?

ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉयेजर १ आंतरतारकीय अवकाशात शिरलं. एखाद्या दुसऱ्या ताऱ्याच्या जरा जवळून जायलाही त्याला सुमारे ४०,००० वर्षं लागतील.

तोवर तुम्ही ऐका. शुभेच्छांचं रेकॉर्डिंग नासाच्या वेबसाइटवर आहे. हेडफोन लावा आणि मराठी आवाज शोधा. तो तुम्हाला लगेच कळेल, कारण तुम्ही त्या भाषेत वाढलात.